६० हजारची पुडी आठ आठवड्यांनंतरही चालू राहिली तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६४. कंबर आणि मांड्या दुखतात म्हणून तपासण्या केल्या, त्यात डी जीवनसत्त्व ११ निघालं. डॉक्टरांनी ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे लिहून दिली. दुखणं बरंच कमी झालं, म्हणून आईंनी पुडी थांबवलीच नाही. मेडिकलमधून आणून चार महिने झाले, त्या घेतच आहेत. सोबत कॅल्शियमची गोळी दोन वेळा आणि बीपीची एक गोळी. गेले काही दिवस पोट साफ होत नाही, जेवणाला चव नाही, पाणी सारखं लागतं. मेडिकलवाले म्हणतात, 'व्हिटॅमिनच आहे, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं.' लंडनची बहीण म्हणते, इकडे एवढा डोस कुणी देतच नाही. खरं कोणाचं?

आधी काय करायचं ते सांगतो, कोणाचं खरं ते नंतर. पुडी आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही आजपासून बंद ठेवा. बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका, पण तिचं पूर्ण नाव बघून ठेवा, त्याचं कारण पुढे येईल. उद्या-परवाकडे आईंचं रक्त द्या: कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, त्यावरून कॅल्शियमचा आकडा नीट वाचता येतो) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालताहेत ते सांगणारं). या तिन्ही तपासण्या स्वस्त आहेत, कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होतात आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मिळतो. डी जीवनसत्त्वाची महागडी तपासणी या घडीला दुय्यम आहे, कारण त्रास होतो तो कॅल्शियम वाढल्याने. पातळीचा आकडा मोठा आला म्हणून कोणी आजारी पडत नाही. मात्र उलट्या सुरू झाल्या, आई गुंगीत वाटल्या, असंबद्ध बोलू लागल्या किंवा लघवीला फारच वारंवार जाऊ लागल्या, तर लॅबची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता मेडिकलवाल्यांचं म्हणणं. ते बी गटातल्या आणि सी जीवनसत्त्वाबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे. ती पाण्यात विरघळतात आणि जादा झालेला भाग मूत्रपिंडं बाहेर टाकतात. (बऱ्याच अंशी म्हणालो, कारण बी ६ जास्त डोसमध्ये महिनोन्‌महिने घेतलं तर पायांच्या नसा खराब होतात, आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा 'नसांची गोळी' म्हणूनच चालू केलेलं असतं.) ए, डी, ई, के यांचं गणित निराळं. ही चरबीत विरघळतात आणि साठतात. डी तर स्नायू आणि चरबीत महिनोन्‌महिने बसून राहतं. त्याला लघवीचा रस्ताच नाही. म्हणून आजचा जास्तीचा डोस उद्याच्या डोसात मिळतो, आणि बंद केल्यावरही अंगातला साठा हळूहळू रक्तात येत राहतो.

बहिणीचं म्हणणंही अर्धंच खरं आहे. इंग्लंडमध्ये निरोगी माणसाला हिवाळ्यात रोज ४०० युनिट घ्यायला सांगतात, त्यापुढे ६० हजार हा आकडा भयंकर वाटणारच. पण खरी कमतरता असेल तर तिकडेही भरपाईचा डोस देतात, उदाहरणार्थ आठवड्याला ५० हजार, सहा आठवडे. म्हणजे एकूण तीन लाख. तुमच्या आईंना लिहून दिलेला कोर्स आठ आठवड्यांचा, ४ लाख ८० हजारांचा. आपल्याकडे हा सर्रास दिला जातो आणि ११ पातळीला तो चुकीचा मुळीच नव्हता. आठ आठवडे संपले तेव्हा तो थांबायला हवा होता, एवढंच. चिठ्ठीवर 'आठ आठवडे' लिहिलेलं असतं, पण मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठी कोणी परत बघत नाही. रिकामी पुडी दाखवली की नवी मिळते.

चार महिन्यांत म्हणजे साधारण सोळा-सतरा पुड्या झाल्या. दहा लाख युनिट. ऐकायला प्रचंड वाटतं, पण दिवसाला वाटून बघितलं तर साडेआठ हजारांच्या आसपास पडतं. प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरतात, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये अशी मर्यादा सांगितली जाते. आई मर्यादेच्या दुपटीवर आहेत. नुसत्या एवढ्याने डीची विषबाधा सहसा होत नाही. माझ्या पाहण्यात खरी विषबाधा झालेली माणसं वेगळ्याच आकड्यांची असतात: आठवड्याची पुडी रोज घेतलेली, किंवा एकामागून एक इंजेक्शनं घेतलेली. त्यामुळे फक्त पुडीचा हिशेब असता तर मी तुम्हाला 'घाबरू नका' म्हणून मोकळा झालो असतो. पण तुमच्या प्रश्नात कॅल्शियमच्या दोन गोळ्या आहेत, बीपीची गोळी आहे, आणि तहान आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझा हात आधी लॅबच्या कागदाकडे जातो.

शरीरात काय होतं ते समजलं की हे लक्षात येईल. डी जीवनसत्त्व, ते उन्हातून त्वचेत तयार झालेलं असो की पुडीतून आलेलं, स्वतः काहीच काम करत नाही. यकृतात त्याचं एक रूप बनतं, रक्ततपासणीत आपण तेच मोजतो. मग मूत्रपिंडात त्याचं कामाचं रूप तयार होतं, ज्याला कॅल्सिट्रायॉल म्हणतात. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणं हे त्याचं मुख्य काम. मूत्रपिंड हे रूप गरजेपुरतंच बनवतं, म्हणून साठा थोडाफार जास्त झाला तरी निभावतं. साठा हाताबाहेर गेला की मात्र मूत्रपिंडाच्या पहाऱ्याचा हा दरवाजा निरुपयोगी ठरतो, कॅल्शियमचं शोषण वाढतच जातं, हाडांतूनही ते सुटू लागतं आणि रक्तातली पातळी चढते. वाढलेलं कॅल्शियम आतड्याची हालचाल मंद करतं, म्हणून बद्धकोष्ठता आणि मळमळ. मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवायची ताकद घटते, म्हणून लघवी जास्त आणि मागोमाग तहान. पाणी कमी पडलं की मूत्रपिंड आणखी मंदावतं, कॅल्शियम आणखी साठतं. हे चक्र एकदा सुरू झालं की फार वेगाने फिरतं.

एक उदाहरण सांगतो. कराडकडचे एक निवृत्त एसटी कंडक्टर. मुलगा त्यांना 'साखर वाढलीये का बघा' म्हणून घेऊन आला होता, कारण रात्रीत चार-पाचदा लघवीला उठत होते आणि तांब्याभर पाणी उशाशी लागत होतं. साखर नॉर्मल. प्रोस्टेटचंही काही नाही. वजन उतरलेलं, बोलताना मध्येच हरवल्यासारखे व्हायचे. मी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली (हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण कागदावरची औषधं आणि पोटात जाणारी औषधं एकच असतील याचा भरवसा नाही). पिशवीतून बीपीच्या पट्ट्या निघाल्या, पित्ताच्या गोळ्या निघाल्या, आणि रबरबँड लावलेला फाडलेल्या पुड्यांचा गठ्ठा निघाला. व्यवस्थित माणूस, हिशेबाला पक्का. रिकामी पुडीसुद्धा टाकली नव्हती. रोज रात्री एक पुडी, कोमट दुधातून. चिठ्ठीवर इंग्रजीत 'वीकली' लिहिलं होतं. बाकीची सगळी औषधं रोजची होती, मग हीच एक आठवड्याची असेल असं त्यांना का वाटावं? महिना उलटून गेला होता. आठ आठवड्यांचा कोर्स त्यांनी आठ दिवसांत संपवला होता आणि पुढे चालूच ठेवला होता.

कॅल्शियम १४ च्या वर निघालं. साधारण ८.५ ते १०.५ असतं. क्रिएटिनिन दुपटीपेक्षा वर गेलेलं, आणि डीची पातळी लॅबच्या यंत्राला मोजता येते त्याच्याही पुढे. दाखल करून सलाईन लावलं, हाडांतून सुटणारं कॅल्शियम थोपवायला इंजेक्शन दिलं, आतड्यातलं शोषण कमी करायला स्टेरॉइड दिलं. दोन-चार दिवसांत डोकं ताळ्यावर आलं. पण डी चरबीत साठलेलं असल्याने घरी गेल्यावरही कित्येक आठवडे कॅल्शियम पुन्हा वर जाण्याची भीती होती, दर काही दिवसांनी रक्त द्यावं लागत होतं, आणि दूध, ताक, उन्हात फिरणं सगळ्यावर बंधन आलं. मूत्रपिंडं सावरली, पण पूर्वीच्या आकड्यावर आली नाहीत.

तेव्हापासून चिठ्ठीवर मी 'वीकली' लिहीत नाही. 'दर रविवारी दुपारी जेवणानंतर एक पुडी' असं मराठीत लिहितो आणि शेवटच्या रविवारची तारीख घालतो. वार निवडताना रुग्णाचा उपवास कोणत्या दिवशी असतो तेही विचारून घेतो. डी चरबीसोबत चांगलं शोषलं जातं, आणि साबुदाण्याची खिचडी असेल तर ठीक, पण कडक उपवासाच्या सोमवारी नुसत्या पाण्यावर पुडी घेण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या आईंच्या औषधांकडे वळू. बीपीच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'एच', 'सीएच' किंवा 'सीटी' अशी अक्षरं आहेत का बघा. असली तर त्या गोळीत बहुधा थायझाइड जातीचं लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. गोळी चांगली आहे, मी रोज लिहून देतो. पण ती लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवते. एका बाजूने पुडी कॅल्शियम आत ओढतेय, दोन गोळ्या रोज ग्रॅमभर कॅल्शियम पुरवताहेत, आणि तिसऱ्या बाजूने बाहेर जायचा रस्ता अरुंद झालाय. या तिघांची गाठ पडून कॅल्शियम चढलेल्या वयस्कर बाया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचं प्रत्येक औषध वेगवेगळं पाहिलं तर कोणताच डोस वावगा वाटत नाही. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर आणखी जपावं लागतं, कारण चढलेल्या कॅल्शियमसोबत ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं.

कॅल्शियमच्या गोळीचं पाकीटही उलटून नीट वाचा. 'कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम' खाली तीन प्रकार असू शकतात. साधी डी ३, अडीचशे किंवा पाचशे युनिट, ती फारशी मनावर घ्यायला नको. दुसरा प्रकार कॅल्सिट्रायॉल ०.२५ मायक्रोग्रॅम. हा शोधून काढाच. वर म्हटलं तसं मूत्रपिंड गरजेपुरतं जे तयार रूप बनवतं, तेच हे बाहेरून दिलेलं आहे. दरवाजावरचा पहारेकरी टाळून आत आलेलं. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी (गळ्यातल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) काढलेल्यांना ते लागतंच. पण गुडघे दुखतात म्हणून ते महिनोन्‌महिने द्यायचं मला कधी पटलेलं नाही. आणि डीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत ते दिसत नाही. पातळी ३५ असताना कॅल्शियम १२ निघालं की मी आधी हे पाकीट मागतो. तिसरा प्रकार म्हणजे सोबत के २ जोडलेली गोळी. ती हाडांना कितपत उपयोगी हा वाद बाजूला ठेवू, पण हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्त पातळ करायची ॲसिनोकुमारॉल, वॉरफरिन जातीची गोळी चालू असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्त पातळ होण्याचा परिणाम ती मोडून काढते.

तुमच्या आईंची बद्धकोष्ठता बहुधा याच कॅल्शियमच्या गोळ्यांची आहे, असा माझा अंदाज. कॅल्शियम कार्बोनेटने पोट जड होणं, गॅस होणं, शौचाला कडक होणं हे इतकं नेहमीचं आहे की पुडीला दोष द्यायच्या आधी मी ती गोळी थांबवून बघतो. तहान मात्र त्या गोळीने लागत नाही, आणि म्हणूनच रक्त तपासायला सांगतोय. आईंना थायरॉइडची गोळीही असेल तर कॅल्शियम आणि तिच्यात चार तासांचं अंतर ठेवायला सांगा. नाहीतर थायरॉइडची गोळी पोटातच वाया जाते आणि टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वाढला म्हणून तिचा डोस उगाच वाढवला जातो.

डीचा फायदा खरा की नुसता समज, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण आई पुडी सोडायला तयार होत नाहीत त्याचं मूळ तिथे आहे. फायदा खरा आहे. पातळी ११ असताना हाडांत खनिज नीट बसत नाही, हाडं मऊ पडतात. अशी माणसं उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठू शकत नाहीत, जिना चढताना मांड्या भरून येतात, नडगीवर अंगठ्याने दाबलं तरी कळवळतात. अशांना डी दिल्यावर सहा-आठ आठवड्यांत फरक दिसतो आणि तो औषधाचाच असतो. पण तो भरपाईचा फरक आहे. खड्डा भरून झाला की पुढे तेवढाच फरक पडत जात नाही. आईंना आठ पुड्यांनी जे मिळायचं ते मिळालं. नवव्या पुडीपासून पुढच्या पुड्यांनी फार काही दिलेलं नाही.

हे मी मनचं सांगत नाही. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर 'व्हायटल' नावाचा मोठा अभ्यास झाला, रोज २,००० युनिट डी देऊन पाच वर्षांहून अधिक काळ. २०१८ मध्ये त्याचे मुख्य निष्कर्ष आले: कॅन्सर किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. २०२२ मध्ये हाडं मोडण्याचे निकाल आले, तिथेही फरक नव्हता. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या २१,३१५ लोकांना महिन्याला एकदा नेमका आपलाच ६० हजारचा डोस किंवा त्याच्यासारखी दिसणारी निकामी गोळी दिली, पाच वर्षांपर्यंत. मृत्यूचं प्रमाण घटलं नाही. आता यावर तुम्ही म्हणाल, त्या लोकांमध्ये मुळात कमतरता कुठे होती? बरोबर आहे, बहुतेकांमध्ये नव्हती. आणि आठ आठवड्यांनंतर तुमच्या आईही त्याच गटात जाऊन बसल्या.

जास्तीने काही बिघडतं का, याचंही उत्तर आहे. कॅनडात तीन वर्षं रोज ४००, ४,००० आणि १०,००० युनिट देऊन हाडांची घनता मोजली. जास्त डोसवाल्यांची हाडं अधिक दणकट व्हायला हवी होती. २०१९ मध्ये आलेल्या निकालात त्यांची घनता उलट कमी निघाली. एका दमात देण्याच्या मोठ्या डोसबद्दल तर ऑस्ट्रेलियातलाच २०१० चा अभ्यास डोळे उघडणारा आहे. सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले. त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली, विशेषतः डोसनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत. आपल्याकडे सहा लाखांचं इंजेक्शन अजूनही 'एकदा टोचून मोकळे' म्हणून मागून घेतलं जातं. ज्याच्या आतड्यात काही शोषलंच जात नाही, अशा रुग्णासाठी मी ते राखून ठेवतो. बाकी कोणी मागितलं तर नाही म्हणतो, आणि त्यावरून माझ्यावर नाराज होऊन गेलेलेही आहेत.

कॅल्शियमच्या गोळ्यांचाही एक आकडा सांगून टाकतो. अमेरिकेत ३६ हजारांवर स्त्रियांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी दिलं, तेव्हा मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलं. घरात कोणाला मुतखड्याचा इतिहास असेल तर कॅल्शियम दूध, दही, नाचणी, तीळ यांतून मिळालेलं बरं.

काही आजारांत थोडंसं डीदेखील कॅल्शियम चढवतं. सारकॉइडोसिस (फुप्फुसांत आणि इतरत्र सूजेच्या गाठी होणारा आजार) आणि काही वेळा क्षयरोगातही सूजेच्या पेशी मूत्रपिंडाला न विचारता कामाचं रूप बनवत बसतात. पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल, तर ती आधी डीच्या कमतरतेमुळे झाकलेली असते आणि पुड्या सुरू केल्यावर उघडी पडते. म्हणूनच कॅल्शियम चढलेलं निघालं तर त्याच वेळी पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनची तपासणी) करून घ्यायला सांगतो. ते खाली दबलेलं असेल तर दोष पुडीकडे, वर असेल तर ग्रंथीकडे.

मग चाचणी कितीदा करायची? कोर्स सुरू केल्यापासून साधारण तीन महिन्यांनी एकदा. पंधरा दिवसांनी केली तर तो आकडा अजून चढतच असतो. निरोगी, तक्रार नसलेल्या माणसाची पातळी उगाच मोजत बसू नये, असं अमेरिकेतल्या अंतःस्रावी-तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये म्हटलं आहे. पण 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये ती असतेच, आणि २४ आलं की रिपोर्टवर 'अपुरी' असा लाल शिक्का पडतो. हाडांच्या दृष्टीने २० च्या वरची पातळी बहुसंख्य लोकांना पुरते. २४ च्या आकड्याला घाबरून ६० हजारची पुडी सुरू करायचं कारण नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा. मोठ्या डोसमधलं बायोटिन काही यंत्रांच्या चाचणीत ढवळाढवळ करतं: डी खोटं चढलेलं दिसू शकतं आणि टीएसएच खोटं उतरलेलं. अशा रिपोर्टवर थायरॉइडची नसलेली व्याधी मागे लागते.

बहिणीसाठी एक टीप. तिकडचा रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असतो, आपला नॅनोग्रॅममध्ये. आपल्या आकड्याला अडीचने गुणलं की तिकडचा आकडा येतो. आईंचे ११ म्हणजे तिकडचे साधारण २७. फोनवर दोन्ही बहिणी आकडे सांगून भांडत असाल तर आधी हे बघा. (पुडीवर कधी मायक्रोग्रॅम लिहिलेलं असेल तर १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट.)

उन्हाबद्दल आपल्याकडे एक समज पक्का बसलाय, तो सांगतो. बाळाला सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं, आजींनी सात वाजता अंगणात बसायचं. प्रथा चांगली आहे, ऊब मिळते, पण त्या उन्हात डी बनवणारे अतिनील किरण फार थोडे असतात. सूर्य वर चढल्यावर, तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड पडते त्या वेळी डी तयार होतं. आणि काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात तर काहीच नाही, काच ते किरण अडवते. उन्हाचं एक बरं आहे: त्वचेत पुरेसं तयार झालं की जादाचं तिथेच उन्हाने मोडतं. कितीही ऊन खा, डीची विषबाधा होत नाही. पुडीत असा आपोआप थांबणारा काटा नाही, तो आपल्याला तारीख लिहून बसवावा लागतो. आहारातून फारसं काही येत नाही. बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांत थोडंफार, आणि पिशवीच्या दुधावर निळ्या चौकोनात 'प्लस एफ'ची खूण असेल तर लिटरमागे दोनशे ते तीनशे युनिट.

घरात लहान बाळ असेल तर पुड्या आणि बाळाचे थेंब एका कपाटात ठेवू नका. बाळाला रोज ४०० युनिट लागतात, पण बाजारात ४०० आणि ८०० अशा दोन्ही ताकदीचे थेंब मिळतात, आणि ६० हजारची पाच मिलिलिटरची बाटलीही दिसायला तशीच इवलीशी असते. 'डीचं औषध रोज द्या' एवढंच ऐकून आलेली व्यक्ती ६० हजारची बाटली घेऊन घरी जाऊ शकते. उलट्या, दूध न पिणं, वजन न वाढणं घेऊन आलेल्या बाळाला पाजलेल्या बाटलीचं खोकं मी आधी मागतो.

आईंच्या रिपोर्टवर पुढचं ठरेल. कॅल्शियम १०.५ च्या आत आणि क्रिएटिनिन ठीक असेल, तर काही घाबरायचं नाही. पुढचे दोन महिने पुडी नाही. मग डीची पातळी करून घ्या आणि त्यानंतर एकच काहीतरी चालू ठेवा: रोज हजार युनिटची गोळी, किंवा महिन्यातून एकदा ६० हजारची पुडी. महिन्याची पुडी ठेवली तर प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी घ्या आणि कालदर्शिकेवर त्या चौकोनात खूण करा. कॅल्शियमची गोळी परत लागलीच तर दिवसातून एकदा, जेवण झाल्यावर. दुपारी वाटीभर दही होत असेल तर तीही नको. कॅल्शियम १०.५ ते १२ च्या मधे आलं तर पुडी आणि गोळी बंद, पाणी भरपूर, बीपीची गोळी बदलायची का हे तुमचे डॉक्टर ठरवतील, आणि आठवड्याने पुन्हा रक्त. १२ च्या वर आलं, किंवा क्रिएटिनिन चढलेलं असेल, तर फोनवर विचारत बसू नका, त्याच दिवशी फिजिशियनकडे जा. जाताना आईंच्या सगळ्या गोळ्या, पाकिटं आणि राहिलेल्या पुड्या एका पिशवीत घालून न्या. 'आणखी काही घेत नाही ना?' असं विचारलं की सगळेच नाही म्हणतात.